विश्लेषण : नागपूरच्या उन्हात विमानाच्या इंजिनाला पेट्रोल किती पाजायचे? रोटरी इंजिन आणि मिश्रणाचे गणित

नवतपा लागला की नागपूरकर दुपारी घराबाहेर पडायचे टाळतो. कूलरमध्ये पाणी भरायचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, एवढे आपल्याला कळते. पण सोनेगावच्या विमानतळावर उभ्या असलेल्या छोट्या विमानाच्या इंजिनाला हा ४५ अंशांचा पारा कसा जाणवत असेल? आणि ते विमान कारखान्यातून न येता कोणी स्वतः बांधलेले असेल, त्यात रोटरी इंजिन बसवलेले असेल, तर त्याला हवा किती आणि पेट्रोल किती हे कोण ठरवणार? उत्तर सरळ आहे : ज्याने विमान बांधले, त्याने. हे काम कसे होते आणि त्यात चूक झाली तर काय होते, ते समजून घेऊ.

मिश्रण म्हणजे नेमके काय?

ज्यांच्या घरी आरएक्स-१०० किंवा जुनी चेतक होती, त्यांना हे नव्याने सांगायला नको. मेकॅनिक प्लग काढून बघायचा. प्लग काळा असेल तर ‘गाडी पेट्रोल जास्त खाते’, पांढरा पडला असेल तर ‘पेट्रोल कमी पडते’, आणि चॉकलेटी असेल तर ‘बरोबर आहे’. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून गाडी हातात द्यायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हेच प्रकरण सूत्रांसह शिकवतात.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. यापेक्षा पेट्रोल जास्त असेल तर मिश्रण ‘रिच’ आणि कमी असेल तर ‘लीन’. सर्वाधिक ताकद मिळते ती १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे थोड्या रिच बाजूला. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापायचे असेल तर १५-१६ पर्यंत लीन जाता येते. गाडीत यातली चूक अॅव्हरेज खाते. विमानात ती टेकऑफच्या वेळी झाली तर बाजूला घ्यायला रस्ता नसतो.

नागपूरची हवा ‘विरळ’ का होते?

इंजिन हवा आकारमानाने आत ओढते, पण जळण ठरते वजनावर. तापलेली हवा फुगते, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात हवेचे वजन कमी भरते. डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४५ अंश यांची तुलना केली, तर केवळ तापमानामुळे हवेचे वजन सुमारे १० टक्क्यांनी घटते.

वैमानिक हे उंचीच्या भाषेत मोजतात आणि त्याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडे वर आहे. प्रमाणित हवामानात या उंचीवर १३ अंश तापमान धरतात. त्याहून प्रत्येक अंश जास्त असेल तर साधारण १२० फूट मिळवायचे, असा ढोबळ नियम आहे. ४५ अंशांना फरक ३२ अंशांचा, म्हणजे ३,८४० फूट. मूळ उंची मिळवली की आकडा ४,८०० फुटांच्या पुढे जातो. विमान सोनेगावातच उभे असते; पण इंजिन, पंख आणि पंखा यांच्या दृष्टीने ते चिखलदऱ्यापेक्षाही उंच जागी उभे असते.

साध्या विमानात यावर उपाय काय?

फ्लाइंग क्लबमध्ये शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेसनासारख्या विमानांत थ्रॉटलच्या शेजारी एक लाल नॉब असतो. हाच मिक्श्चर कंट्रोल. कार्बोरेटरला हवा विरळ झाल्याचे नीट कळत नाही. तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून उंचीवर किंवा उन्हात मिश्रण आपोआप रिच होते आणि ताकद घटते. वैमानिक नॉब हळूहळू बाहेर ओढतो, इंजिनाचे फेरे थोडे वाढतात, मग घसरू लागतात. वाढीच्या टोकावर थांबायचे आणि किंचित रिच बाजूला यायचे. तीन हजार फुटांवरच्या धावपट्टीवरून निघताना पूर्ण थ्रॉटल देऊन असे करावे, असे सेसना १७२ चे हँडबुक सांगते. कोणत्या विमानात काय करायचे, याबाबत शेवटचा शब्द त्या विमानाच्या हँडबुकचा आणि इन्स्ट्रक्टरचा.

कारखान्यातल्या विमानाला असे हँडबुक असते. घरी बांधलेल्या विमानाला ते बांधणाऱ्यालाच लिहावे लागते.

रोटरी इंजिन वेगळे कसे?

आधी एक गोंधळ दूर करू. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या विमानांच्या इंजिनांनाही ‘रोटरी’ म्हणत. त्यांत सिलिंडरचा आख्खा गोलच पंख्याबरोबर फिरायचा. आज रोटरी म्हणजे जर्मन अभियंते फेलिक्स वँकेल यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन. त्यात पिस्टन नसतो, व्हॉल्व्ह नसतात. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घरात एक फुगीर त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर हवा ओढणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे हे चारही टप्पे एकापाठोपाठ सुरू असतात.

माझदाने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून ही इंजिने कारमध्ये आणली. त्यातले १३बी हे दोन रोटरचे, १३०८ सीसीचे इंजिन पुढे आरएक्स-७ मध्ये वापरले गेले. परदेशातले हौशी विमानबांधणारे बहुधा हेच निवडतात. आकाराने लहान, फिरणारे भाग कमी आणि थरथर कमी. ताकद साधारण १६० ते २०० अश्वशक्ती. मात्र ती मिळवण्यासाठी इंजिन मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे घेते. पंख्याला एवढा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो अहिल्यानगरशी. तेव्हाच्या अहमदनगरमधल्या डीआरडीओच्या वाहन संशोधन आणि विकास आस्थापनेने, म्हणजे व्हीआरडीईने, बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एडीई या संस्थांसोबत ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन तयार केले. वजन जेमतेम ३० किलो. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानात तोपर्यंत ब्रिटिश बनावटीचे इंजिन वापरले जात होते. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारच्या धावपट्टीवरून ‘निशांत’ या देशी इंजिनासह उडाले आणि समुद्रसपाटीपासून १.८ किलोमीटर उंचीपर्यंत गेले. अशा विमानात लाल नॉब ओढायला कोणी बसलेले नसते. मिश्रणाचा हिशेब आधी जमिनीवरच पक्का करावा लागतो.

मग पिस्टन इंजिनाचे आकडे इथे का चालत नाहीत?

खरी मेख इथेच आहे. रोटरीची जळणाची जागा लांबट आणि चपटी असते, शिवाय ती सतत सरकत असते. ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेळेत पोहोचावी म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग देतात. तरीही एक्झॉस्टची वाट उघडते तेव्हा थोडे जळण सुरूच असते. त्यामुळे एक्झॉस्टच्या वायूंचे तापमान पिस्टन इंजिनापेक्षा बरेच जास्त, ९०० अंश सेल्सिअसच्या वरही दिसते.

पिस्टन इंजिनाची सवय असलेला माणूस हा आकडा पाहून घाबरतो आणि पेट्रोल वाढवत सुटतो. परिणामी प्लग काळे पडतात, ताकद घटते, टाकी लवकर रिकामी होते. दुसरा एखादा ‘रोटरी गरमच चालते’ म्हणून निर्धास्त राहतो आणि पूर्ण ताकदीवर मिश्रण लीन ठेवतो. हा जास्त धोक्याचा. म्हणून इथे तापमानाच्या सुट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मिश्रण बदलताना ते कुठे चढते, टोक कुठे गाठते आणि कुठे उतरू लागते, हा क्रम पाहायचा.

रोटरीची एक जमेची बाजूही आहे. तापून जळणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नसल्याने सावकाश उड्डाणात, कमी ताकदीवर, ती लीन मिश्रण बऱ्यापैकी सहन करते.

ट्यूनिंग प्रत्यक्षात कसे होते?

अशा विमानात सहसा कार्बोरेटर नसतो, इंजेक्टर आणि त्यांना चालवणारा छोटा संगणक असतो. इंजिनाचे फेरे, आत जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान पाहून तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे एका तक्त्यातून ठरवतो. ट्यूनिंग म्हणजे त्या तक्त्यातला एकेक चौकोन बरोबर करणे.

• विमान बांधून घ्या. चाकांना अडथळे, शेपूट खुंटीला, पंख्यासमोर कोणी नाही, आग विझवायचे साधन हाताशी.

• सुरुवात रिच बाजूने. थोडे थोडे पेट्रोल कमी करत ऑक्सिजन सेन्सरवर बरोबर प्रमाण गाठायचे. टेकऑफच्या ताकदीसाठी १२ ते १३ च्या दरम्यान.

• फेऱ्या छोट्या ठेवा. उभ्या विमानात रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही, पाणी आणि तेल पटकन तापते.

• इंजेक्टरची दुसरी जोडी सुरू होते ती जागा तपासा. कमी ताकदीला पहिली जोडी पुरते, जास्तीला दुसरी मदतीला येते. हा सांधा नीट जुळला नाही तर थ्रॉटल देताना इंजिन क्षणभर अडखळते. हे धावपट्टीवर कळलेले बरे.

• हवेत गेल्यावर विमानतळाच्या वरच राहा. इंजिन बंद पडले तरी तरंगत परत येता येईल इतकी उंची हवी. उडवता उडवता तक्ता बदलू नये. आकडे नोंदवायचे, खाली येऊन बदलायचे.

नागपूरसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर इंजिनाजवळ बसवलेला असेल आणि विमान उन्हात अर्धा तास उभे असेल, तर सेन्सर स्वतःच तापतो. संगणकाला वाटते हवा फारच गरम आहे, म्हणजे विरळ आहे. तो पेट्रोल कापतो. प्रत्यक्षात बाहेरून येणारी हवा तेवढी गरम नसते, आणि ऐन टेकऑफला मिश्रण लीन होते. डिसेंबरमध्ये उत्तम चाललेला तक्ता मे महिन्यात पुन्हा तपासावा लागतो, तो यामुळेच.

चूक झाली तर काय होते?

पूर्ण ताकदीवर मिश्रण लीन पडले तर ज्योत शांतपणे पसरण्याऐवजी उरलेले मिश्रण एकदम भडकते. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. बाइकमध्ये खडखड ऐकू येते, पण विमानात पंख्याच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. रोटरीत या धक्क्याचा मार त्रिकोणाच्या टोकांवरच्या पातळ पट्ट्यांना, म्हणजे एपेक्स सीलना बसतो. सील तुटले की त्या रोटरचा दाब जातो, आणि दोन रोटरच्या इंजिनात ताकदीचा मोठा हिस्सा एका झटक्यात कमी होतो. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर हे झाले तर विचार करायला काही सेकंदच मिळतात.

उन्हात दुसरा धोका पाइपमधला. तापलेल्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली तर पंप पेट्रोलऐवजी वाफ ढकलतो. तक्ता कितीही अचूक असो, पेट्रोलच पोहोचले नाही तर मिश्रण लीनच होणार. म्हणून पाइप एक्झॉस्टपासून दूर, झाकून नेणे हाही ट्यूनिंगचाच भाग.

पंपावरचे ई२० पेट्रोल चालेल का?

रोटरीला जास्त ऑक्टेन लागत नाही, त्यामुळे पंपावरचे पेट्रोल वापरण्याचा मोह होतो. पण आता त्यात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ई२० चे बरोबर प्रमाण १४.७ नव्हे, तर सुमारे १३.५ आहे. शुद्ध पेट्रोलवर बसवलेल्या तक्त्यात ई२० घातले तर इंजेक्टरला ७ ते ८ टक्के जास्त इंधन द्यावे लागते, अन्यथा मिश्रण लीन. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या पद्धतीचे रबर, काही फायबरच्या टाक्या खराब करते. परदेशात पंपावरचे पेट्रोल वापरायला मान्यता असलेल्या बहुतेक जुन्या छोट्या विमानांतही इथेनॉल चालत नाही.

दुसरा पर्याय विमानाच्या पेट्रोलचा, म्हणजे १०० एलएलचा. पूर्वी ते आयात व्हायचे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात बनवते. त्यात मात्र शिसे असते आणि शिशाने ऑक्सिजन सेन्सर हळूहळू निकामी होतो. म्हणजे ज्या साधनावर विसंबून ट्यूनिंग करायचे, तेच चुकीचे सांगू लागते.

भारतात असे विमान उडवता येते का?

येते, पण वाट लांब आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि डीजीसीएचे ‘परमिट टू फ्लाय’ मिळायला २०१९. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. नोंदणी आणि हा परवाना नसेल तर घरी बांधलेले विमान जमिनीवरच राहते.

कागदपत्रांची ही वाट जशी स्वतः चालावी लागते, तशीच मिश्रणाचीही. दुसऱ्याच्या इंजिनावरचा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. पण तो त्याच्या हवेचा, त्याच्या पेट्रोलचा आणि त्याच्या सेन्सरचा असतो. नागपूरच्या मे महिन्यात उडायचे असेल, तर तक्ता नागपूरच्या मे महिन्यातच, विमान खुंटीला बांधून, तपासून घ्यावा लागतो.