हिरवी रेघ म्हणजे मोकळा रस्ता नव्हे

गाडी सुरू करण्याआधी मोबाइलवर नकाशा उघडणं आता अंगवळणी पडलं आहे आणि त्यात गैर काही नाही. कोंडी टाळायला हे ॲप खरोखर उपयोगी पडतं. पण ते नेमकं काय जाणतं आणि काय जाणत नाही, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. त्यातले काही नुसता वेळ खातात, काही जिवावर बेततात.

सर्वांत पसरलेला समज असा, की उपग्रह वरून रस्ता पाहतो आणि कोंडी कुठे आहे ते सांगतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि खाली काहीच पाहत नाहीत. ते फक्त वेळेचे संकेत पाठवतात. त्यावरून आपण कुठे आहोत याचं गणित आपला फोन करतो. कोंडीची खबर मिळते ती रस्त्यावरच्या माणसांकडून. ज्यांच्या फोनमध्ये लोकेशन सुरू असतं, त्यांच्या हालचालीचा वेग कोणाचंही नाव न जोडता ॲपच्या कंपनीपर्यंत जातो. एखाद्या पट्ट्यात बरेच फोन मुंगीच्या पावलांनी सरकत असले, की तो पट्टा नकाशावर लाल होतो.

२०२० च्या सुरुवातीला जर्मन कलावंत सायमन वेकर्ट याने हे उघड करून दाखवलं. ९९ फोन एका हातगाडीत भरून त्याने ती बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ओढत नेली आणि नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. त्यावर गूगलने सांगितलं, की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा काही देशांत कार आणि मोटरसायकल यांतला फरक आपली यंत्रणा ओळखू शकते. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण अडकलेल्या गाड्यांच्या फटींतून दुचाकी निघून जाते आणि तिच्या वेगावर भिस्त ठेवली, तर तुंबलेला रस्ताही वाहता दिसेल.

सगळी माहिती फोनवरून येते हे एकदा लक्षात घेतलं, की पुढचा, जास्त घातक गैरसमज उलगडतो. ‘रेघ लाल नाही, म्हणजे रस्ता चांगला.’ हिरव्या रेघेचा अर्थ एवढाच, की तिथे वाहनं अडलेली नाहीत. रस्ता किती रुंद आहे, खड्डे किती आहेत, रात्री दिवे असतात का, हे ती रेघ सांगत नाही. आणि आडरस्त्यावर रंगच नसेल, तर तिथून माहिती यावी इतके फोन गेलेले नाहीत. लोक त्या वाटेने का जात नाहीत, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते गावाला ठाऊक असतं.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ हेच घडलं. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री ॲपने दाखवलेल्या जवळच्या वाटेने गेली. वाटेतला पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघं पोहून बाहेर आले, एकजण बुडाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे तिथल्या लोकांना माहीत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा जीव गेला, तेव्हाही वाट ॲपनेच दाखवल्याचं समोर आलं. अशा वेळी सगळा दोष ॲपवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भक्कम अडथळा उभा करणं हे रस्ता बांधणाऱ्या खात्याचं काम आहे, आणि ते झालं नाही याचा जाब विचारलाच पाहिजे. पण अंधारात, अनोळखी वाटेवर, पुढे पाणी चमकताना दिसलं तर थांबायचं हे आपलं काम आहे. पावसाळ्यात वरंधासारखे घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवले जातात. तो आदेश नकाशात उमटलाच असेल असं धरून चालू नये. आधीच्या गावात चहाच्या टपरीवर विचारावं.

‘ॲप दुसरी वाट दाखवतंय म्हणजे वेळ वाचणारच’ हेही नेहमी खरं नाही. पोहोचण्याची वेळ हा अंदाज असतो, आत्ताचा वेग आणि त्याच वाराचा, त्याच वेळेचा जुना अनुभव यांतून काढलेला. तो बहुधा चांगला ठरतो. पण दोन मिनिटं वाचवण्यासाठी मोठा रस्ता सोडून वस्तीतल्या गल्लीत शिरलं, तर समोरून आलेला एक टेम्पो ती दोन मिनिटं खाऊन टाकतो. शिवाय मुंबईत रेल्वेमार्ग ओलांडायला आणि पुण्यात नदी ओलांडायला पूल मोजकेच आहेत. गल्ल्या कितीही बदलल्या तरी सगळे शेवटी त्याच पुलाच्या तोंडाशी येतात. मधल्या मधे गल्लीतल्या शाळकरी मुलांचा रस्ता मात्र धोक्याचा होतो. वाचणारा वेळ पाच-सात मिनिटांहून कमी असेल, तर मोठा रस्ता सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲपचा खरा फायदा निघण्याआधी आहे. गूगल मॅप्समध्ये निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ घालून प्रवासाला किती वेळ लागेल ते पाहता येतं. पहाटे पाचला निघालो तर किती, आठला निघालो तर किती, हे आदल्या रात्री ताडून पाहावं. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी तर हे करावंच. ऐन कोंडीत वाट बदलण्यापेक्षा निघण्याची वेळ बदलणं कितीतरी फायद्याचं.

नेट गेलं की सगळं ठप्प होतं, असंही नाही. त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला असेल, तर घाटात रेंज नसतानाही वाट दिसते. कोंडीची ताजी माहिती तेवढी मिळत नाही.

दुचाकीस्वारांनी ॲपमध्ये दुचाकीचाच पर्याय निवडावा. गूगलने तो भारतात २०१७ मध्ये आणला. कारचा पर्याय ठेवून निघालं, तर ॲप अटल सेतूवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेऊ शकतं, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. वाटेतली पाटी आणि ॲप यांचं जुळलं नाही, तर पाटीच खरी मानावी.

कायद्याबद्दलही दोन टोकाचे समज आहेत. कोणी म्हणतं गाडीत फोन चालतच नाही, कोणी म्हणतं नकाशा पाहायला सगळी मुभा आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतो, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंद पडद्याकडे पाहिलं, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून फोन स्टँडवर लावावा, आवाज सुरू ठेवावा आणि पत्ता गाडी हलण्याआधीच टाकावा.

एक विनंती. रस्ता खचलेला, पूल बंद किंवा झाड आडवं पडलेलं दिसलं, तर तुमच्या मागून येणाऱ्याच्या नकाशात ती वाट अजून उघडीच असते. सुरक्षित जागी गाडी उभी करा आणि ॲपमध्ये तशी नोंद करा.