चौकातील पालघट : वारली विवाहचित्रातील प्रतीके

लोककलेतील आकृतीचा अर्थ तिच्या रूपावरून ठरवावा, की ती ज्या प्रसंगी काढली जाते त्या प्रसंगावरून, हा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार उभा राहतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली समाजाचे विवाहचित्र या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

लग्नघरातील आतली भिंत शेणाने व गेरूने सारवून तीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहितात’. चौकाच्या चारी बाजूंना साखळीसारख्या नक्षीचे पट्टे असतात. आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी इत्यादी आकृती येतात. मध्यभागी पालघट ही देवता असते. वनस्पतींनी भरून वाहणारा घट, असा तिच्या नावाचा आशय सांगितला जातो. जवळच्या लहान देवचौकात घोड्यावर आरूढ झालेला पंचशिऱ्या असतो. त्याच्या देहातून धान्याची रोपे उगवलेली दाखवितात. धवलेरी विवाहगीते गाऊन देवतांना आवाहन करते. चौकावाचून विवाह पूर्ण होत नाही. वधूची कूस आणि शेताची सुफलता यांना एकाच देवतेच्या आश्रयाखाली आणणे, हे या चित्राचे प्रयोजन होय.

याच्याशी उत्तर रशियातील शेतकरी स्त्रियांचे भरतकाम ताडून पाहण्याजोगे आहे. विवाहादी प्रसंगी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या तागी कापडाच्या पट्ट्यांवर लाल दोऱ्याने मध्ये स्त्री अथवा वृक्ष आणि दोन्ही बाजूंस घोडेस्वार वा पक्षी भरलेले आढळतात. स्तासोव यांनी १८७२ मध्ये या नक्षीचा संग्रह प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये गोरोद्त्सोव यांनी त्या स्त्री-आकृतीत प्राचीन महादेवता पाहिली. परंतु भरतकाम करणाऱ्या स्त्रियांकडून या अर्थाला निःसंदिग्ध पुष्टी मिळत नसल्याने पुढील अभ्यासकांत मतभेद राहिले. तेथे आकृती उरली, पण तिच्याभोवतीचा विधी व शब्द बऱ्याच अंशी लोपले होते. वारली चौकात मात्र देवतेचे नाव, गीत आणि विधी ही तिन्ही आकृतीसमवेत उपलब्ध आहेत. दोन्हीकडील साम्य लक्षणीय असले, तरी केवळ त्यावरून समान उगम सिद्ध होत नाही.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने वारली चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर पोहोचविली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या बदलाने अनेक कुटुंबांना उपजीविकेचे साधन लाभले. मात्र सवाशिणींच्या हातचे विधिचित्र बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, आणि पालघटेच्या जागी शेत, शिकार व तारपानृत्य यांना प्राधान्य आले. आज नगरांतील भिंतींवर व वस्त्रांवर दिसणारी वारली नक्षी प्रायः विधिविरहित असते.

म्हणून चौकाची नोंद करताना केवळ आकृतींची प्रतिकृती घेणे पुरेसे नाही. ती कोणी लिहिली, कोणत्या क्रमाने लिहिली व त्या वेळी धवलेरीने काय गायिले, हेही टिपले पाहिजे. अन्यथा रशियन भरतकामाच्या अभ्यासकांपुढील कोडेच येथेही उभे राहील.