बिल एकदाच गेले का? हेराला विचारा

इंदापूर तालुक्यातील भिगवणला उजनीच्या मासळीचा बाजार आहे. समजा, तेथील एका आडतदाराने प्रोग्राम करून घेतला. मोबाईलवर वजन व भाव नोंदवला की पुण्याच्या गिऱ्हाइकाला १८,४०० रुपयांचे बिल आपोआप जाते. एके दिवशी तेच बिल दोनदा गेले. गिऱ्हाईक फोन करून विचारणार, "शेठ, हा कसला हिशेब?" पत अशीच जाते.

असे प्रोग्राम आता पुष्कळदा 'सर्व्हरलेस' पद्धतीने बनतात. नाव फसवे आहे. सर्व्हर असतोच, फक्त तो आपला नसतो. काम आले की क्लाऊड कंपनी आपले फंक्शन चालवते व तेवढ्याचेच भाडे घेते. अ‍ॅमेझॉनची 'लॅम्बडा' ही सेवा २०१४ साली आली, कंपनीचे मुंबई केंद्र २०१६ साली सुरू झाले. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसाच्या शेतीपर्यंत क्लाऊड नेला आहे.

परंतु यात एक खोच आहे. निरोप 'किमान एकदा' पोचेल, एवढीच हमी बहुधा मिळते. लॅम्बडाच्या रांगेत टाकलेले काम मध्येच फसले, तर ते आणखी दोनदा करून पाहिले जाते. बिल निघाल्यावर पुढच्या पायरीला चूक झाली, की बिल पुन्हा निघाले!

यासाठी जाणकार कारागीर चाचणीत 'स्पाय', म्हणजे हेर बसवतो. बिल पाठविणाऱ्या फंक्शनच्या जागी तो उभा राहतो. खरा संदेश कोणालाच जात नाही. हेर फक्त टिपून ठेवतो की मला किती वेळा बोलावले, कोणाच्या नावाने, किती रकमेसाठी. मग तीच नोंद मुद्दाम दोनदा द्यायची. हेराच्या वहीत बोलावणे एकच दिसले पाहिजे. दोन दिसली तर प्रोग्राम बिल क्रमांक तपासत नाही, हे उघड झाले.

दर चाचणीला खोटे गिऱ्हाईक व खोटी नोंद मांडण्याचे काम मदतनीस फंक्शन करते. एकदा लिहिले की सगळीकडे चालते, शिंप्याच्या कागदी नमुन्यासारखे.

मात्र हेर खऱ्या क्लाऊडपर्यंत जातच नाही. परवानगी चुकीची दिली असेल तर त्याला कळत नाही. म्हणून थोड्या चाचण्या क्लाऊडवरच, वेगळ्या खात्यात, स्वतःच्या नंबरवर घ्याव्यात. तेथे निकाल यायला वेळ लागतो, तेव्हा थांबून पुन्हा पाहणारे मदतनीस फंक्शन हवे.

प्रोग्रामचे उरलेले पैसे देण्यापूर्वी बनविणाऱ्याला समोर बसवून सांगावे, "तीच नोंद दोनदा टाका, आणि हेराची वही दाखवा."