निःशब्द संवादांचा 'फिडेलिओ'

बीथोव्हेनने उभ्या आयुष्यात ऑपेरा लिहिला तो एकच, आणि त्या एकाने त्याला दहा वर्षे छळले. 'फिडेलिओ'चा पहिला प्रयोग व्हिएन्नात २० नोव्हेंबर १८०५ रोजी झाला, तेव्हा शहरात नेपोलियनचे सैन्य ठाण मांडून बसले होते. नाट्यगृहात समोर बसले होते ते बहुतांशी फ्रेंच लष्करी अधिकारी. त्यांना जर्मन संवाद काय कळणार! ऑपेरा पडला. दुरुस्त्या करकरून तो अखेर १८१४ साली उभा राहिला. पण तोवर कर्त्याचे कानच त्याला सोडून चालले होते.

अशा माणसाचा हा ऑपेरा कर्णबधिरांनी रंगमंचावर आणावा, ही कल्पना कुणाला तरी सुचायलाच हवी होती. ती लॉस एंजेलिसमध्ये प्रत्यक्षात आली. तेथील फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि डेफ वेस्ट थिएटर ही बधिर नटांची संस्था यांनी मिळून एप्रिल २०२२ मध्ये वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये हा प्रयोग केला. वाद्यवृंदाचे संचालन गुस्तावो दुदामेल यांचे, दिग्दर्शन आल्बेर्तो आर्वेलो यांचे.

हा हॉल ऑपेरासाठी बांधलेलाच नव्हे. तेथे दर्शनी पडदा नाही, विंगा नाहीत, वादकांना लपवणारा खड्डाही नाही. फ्रँक गेरी यांनी उभारलेली, २००३ साली खुली झालेली ही वास्तू आतून सगळी लाकडाची; ध्वनियोजना यासुहिसा टोयोटा यांची. येथे खोकणाऱ्याने खोकताना विचार करावा, इतका आवाज स्वच्छ पोचतो! कानाचे इतके लाड पुरवणाऱ्या या वास्तूत ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी काय करायचे?

कथानक साधे आहे. फ्लोरेस्टानला एका दुष्ट अधिकाऱ्याने तळघरात डांबले आहे. त्याची पत्नी लेओनोरे पुरुषवेषाने, फिडेलिओ हे नाव घेऊन, त्याच तुरुंगात चाकरीला राहते. या प्रयोगात प्रत्येक प्रमुख भूमिका दोघांनी वाटून घेतली: एकाने गायचे, दुसऱ्याने तेच हातांनी, चेहऱ्याने, सबंध देहाने बोलायचे. आता एका पात्राची दोन शरीरे म्हटल्यावर प्रेक्षकाची नजर ओढली जाणारच. कंठाकडे पाहावे की हातांकडे? ही ओढाताण मला खटकते, आणि ती पुरती सुटेल असे वाटत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्या संगीत नाटकात पद संपले की गद्य सुरू होते, तसेच 'फिडेलिओ'तही गाण्यांच्या मधे बोललेले संवाद आहेत. पुष्कळ दिग्दर्शकांना ही अडगळ वाटते; ते कात्री चालवतात. येथे ते संवाद फक्त खुणांच्या भाषेत झाले, आवाजाविना! दोन हजारांवर आसनांचा तो हॉल, आणि त्यात नुसती शांतता. ज्यांना ऐकू येते त्यांनीच वर झळकणारी अक्षरे वाचत कथेचा माग काढायचा. बधिर माणूस नाट्यगृहात नेहमी ज्या जागी बसतो, त्या जागी घटकाभर उरलेल्यांना बसवण्याचा हा प्रकार आहे. दया मागण्यापेक्षा हे कितीतरी रोखठोक.

बीथोव्हेनचा सहवासी शिंडलर याने (त्याच्यावर किती विसंबावे याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, ते सोडा) एक हकीगत लिहून ठेवली आहे. १८२२ साली 'फिडेलिओ'च्या तालमीत बीथोव्हेन स्वतः संचालन करायला उभा राहिला. गायक एकीकडे, वाद्ये दुसरीकडे, असा गोंधळ माजला. पण त्याला थांब म्हणून सांगायला कुणाची जीभ रेटेना. अखेर शिंडलरने कागदावर लिहून दिले, आणि तो घरी निघून गेला.

पहिल्या अंकाच्या शेवटी कैद्यांना क्षणभर उजेडात सोडतात, आणि त्यांचे समूहगीत दबक्या स्वरात सुरू होते. लॉस एंजेलिसमध्ये गाणाऱ्यांच्या जोडीला व्हेनेझुएलाचा 'कोरो दे मानोस ब्लांकास' हा वृंद होता. नावाचा अर्थ 'पांढऱ्या हातांचा वृंद'; पांढरे हातमोजे घालून हातांनी गाणे ही त्याची ओळख. बीथोव्हेनला ते समूहगीत उतारवयात ऐकू आले नसते. दिसले मात्र असते.