दिवसाला दोन हजार गिऱ्हाइकं

पहाटे सहा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझार्ड बेटाजवळच्या उथळ पाण्यात उजेड झिरपू लागला की क्लीनर रास खडकाच्या फटीतून बाहेर पडतो. बोटभर लांबीचा मासा. तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा आणि कडेने निळी झाक. शेजारपाजारच्या हेकरूंना, सर्जनफिशना आता त्याची गरज आहे. नॅथिइड नावाचे, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले बारीक किडे रक्त प्यायला त्यांना चिकटलेले असतात, आणि हे किडे माशाला स्वतः काढता येत नाहीत; रास ते टिपून खातो.

सात. प्रवाळाच्या एका ठरलेल्या उंचवट्यावर रासचं काम सुरू होतं. तो अंगाचा मागचा भाग वरखाली हलवत नाचल्यासारखा पोहतो. गिऱ्हाईक समोर येऊन स्तब्ध होतं, पर ताणतं, कल्ले फाकवतं.

आठ ते अकरा ही गर्दीची वेळ धरू. एक हेकरू आला. जबडा पूर्ण उघडला आणि रास सरळ आत शिरला. दातांच्या फटी तपासल्या, टाळूला तोंड लावलं आणि कल्ल्यातून बाहेर आला. एरवी हा हेकरू एवढ्या माशाला एका घासात गिळतो, पण इथे तो जबडा मिटत नाही. जायची वेळ झाली की अंग हलवून इशारा देतो, मग निघतो. मला या जगातलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

पण हा भाबडा विश्वास नव्हे. रासला किड्यांपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकटा जास्त आवडतो. तो ओरपला की गिऱ्हाईक दचकतं. मग ज्याची हद्द लहान, ज्याला दुसरा सफाईवाला नाही, ते रासच्या मागे लागून त्याला पळवतं. लांबून आलेलं गिऱ्हाईक मात्र सरळ दुसरीकडे जातं. म्हणूनच रास अशा पाहुण्याला आधी घेतो. स्थानिकाला थांबावं लागतं. रेडौआन ब्शारी आणि अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधकांनी प्रयोगांतून हेही दाखवलं की दुसरे मासे बघत असतील तर रास जास्त सचोटीने वागतो. चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावरून तो परांनी हलकेच थोपटतो, आणि ते बऱ्याचदा थांबतं.

दुपारी बारा. सूर्य डोक्यावर. प्रवाळाच्या ऊतींमधली सूक्ष्म शैवालं आता अन्न बनवण्यात गुंतलेली असतात. प्रवाळाचं पोट मुख्यतः त्यांच्यावरच चालतं, आणि हे सगळं गाव प्रवाळावर.

तीन. इलाख्याचा नर रास आपल्या माद्यांच्या ठिकाणांवर फेरी मारतो. जोडीने काम करताना मादीने चिकटा ओरपला आणि त्यामुळे गिऱ्हाईक निघून गेलं, तर तो तिचा पाठलाग करून तिला शासन करतो. त्याचंही जेवण गेलेलं असतं. नर मेला तर गटातली सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खराखुरा नर होते. याच वेळी आसपास एक तोतयाही फिरत असतो, रंगाने हुबेहूब रास; पण तो भोळ्या माशाच्या पराचा लचका तोडून पळतो.

संध्याकाळी साडेसहा. काम थांबलं. ग्रटर यांच्या मोजणीनुसार एका रासने दिवसभरात सुमारे २,३०० मासे तपासले आणि १,२०० परजीवी खाल्ले. १९९९ साली त्यांनीच दाखवलं की रास नसलेल्या ठिकाणी ठेवलेल्या माशांवर बारा तासांतच साडेचार पट जास्त परजीवी साठतात.

एकेका दिवसाचा हा फरक वर्षानुवर्षं साठला तर काय होतं? लिझार्ड बेटाजवळच्या काही खडकांवरून संशोधकांनी साडेआठ वर्षं रास काढून टाकले. तिथे कायम राहणाऱ्या माशांची संख्या सुमारे ३७ टक्क्यांनी आणि जाती २३ टक्क्यांनी कमी भरल्या.

हाच मासा मत्स्यटाक्यांसाठी मोठ्या प्रमाणात पकडला जातो. टाकीत एवढे परजीवी नसतात, त्यामुळे त्याची अनेकदा उपासमार होते. घरात समुद्री टाकी असेल, तर क्लीनर रास विकत घेऊ नका.