खोपोलीची लोकल आणि बोरघाटाची बाई

कर्जत-खोपोली लोकलला 'फाटा लाइन' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, जरा थांबा! ही शाखा बोरघाटातल्या रेल्वेपेक्षा वयाने मोठी आहे. 1856 मध्ये मुंबईहून गाडी पळसदरीमार्गे थेट खोपोलीला पोचली आणि तिथेच थांबली, कारण समोर सह्याद्री. 1858 मध्ये वरच्या अंगाला खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मग काही वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे.

घाटाचं काम 1856 मध्येच सुरू झालं होतं. 1859 मध्ये ते सॉलोमन ट्रेडवेल या ठेकेदाराकडे आलं, पण इथे आल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. ठेका सोडला नाही तो त्याच्या बायकोने, अॅलिसने. जाणकार अभियंते हाताशी धरून तिने काम तडीस नेलं. 1863 मध्ये घाटातून गाड्या धावू लागल्या. यात हजारो मजुरांचं रक्त आटलं, रोगराईत कितीतरी दगावले. त्यांची नावं कुठेच नाहीत, हे मला खरंच खुपतं.

घाटातला सर्वांत तीव्र चढ 37 फुटांमागे 1 फूट! म्हणूनच कर्जतला गाडीच्या शेपटाला मागून रेटणारी बँकर इंजिनं लागतात. आपण वड्यासाठी खिडकीतून हात काढतो, तेवढ्यात मागून हलका धक्का बसतो, तो त्यांचाच. पुढच्या वेळी वडा घेतलात की शेवटच्या डब्याकडे एक चक्कर टाका.