प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून उभा राहिलेला विजेचा टॉवर

टेबलावर हा जो पांढुरका सांगाडा उभा आहे, तो सत्तर सेंटिमीटर उंच आहे आणि बहुतेक भंगारातल्या फ्रिजमधून निघालेला आहे. बसल्या जागेवरून नीट दिसत नसेल तर व्याख्यान संपल्यावर पुढे या, हात लावून बघा. खऱ्या टॉवरला मात्र कधी हात लावू नका. आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांच्या मधलं आहे.

आपण डोळखांबची माणसं. आपल्याला टॉवरचं नवल नाही. इथून पुढे चोंढ्याला घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. सव्वाशे मेगावॉटचे दोन संच, मिळून २५० मेगावॉट. वीज कमी वापरली जाते त्या वेळी खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात उपसायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे बघा, या वीजघराच्या तारांमधून वीज कधी बाहेर जाते, तर कधी आत येते. पलीकडे पडघ्याला ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे, तिथे थेट चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटरची लाईन येते. आणि ही गोष्ट आजची नाही. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तेव्हाच घाटाखालची वीज तारांवरून मुंबईत परळला पोचली होती.

आता एक प्रश्न. टॉवर रोज दिसतो, पण कागदावर काढा म्हटलं तर किती जणांना जमेल? आम्ही तिघा-चौघांनी काढून पाहिला. प्रत्येकाचा वेगळा निघाला, आणि सगळेच चुकले. कुणी फुल्या कमी काढल्या, कुणी पाय वरपर्यंत सरळ नेले. तेव्हा ठरवलं की मापात मॉडेल करायचं. तयार किट आणायचं नाही, एकेक तुकडा आपण कापायचा. कारण तुकडा कापायचा म्हटला की त्याची लांबी लागते, आणि लांबी ठरवायची म्हटली की तो तुकडा तिथे का आहे हे विचारावंच लागतं.

आधी प्लॅस्टिक ओळखा

पहिला मॉडेल आम्ही पेनाच्या रिकाम्या रिफिली आणि दह्याच्या डब्यांच्या पट्ट्या घेऊन केला. आठवडाभरात सांधे सुटले. चूक गोंदाची नव्हती, प्लॅस्टिकची होती. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन यांना साधा गोंद धरत नाही. आपल्याला हवं असतं पॉलिस्टायरीन. डब्याच्या बुडाला त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. पण तुकड्यावर आकडा नसेल तर?

त्याला घरातलीच परीक्षा आहे. दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात विरघळेल तितकं मीठ घातलेलं पाणी. तुकडा साध्या पाण्यात तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन, बाजूला ठेवा. साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला, तर बहुधा आपल्या कामाचा. दोन्हीकडे बुडाला तर पीव्हीसी किंवा पाण्याच्या बाटलीचं पेट. तुकडा आधी बोटाने चोळून ओला करा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून तो उगाच तरंगतो.

पूर्वी आईस्क्रीमचे पांढरे चमचे कामाला येत. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायचे चमचे, काटे देशभर बंद झाले, आणि ते बरंच झालं. आता आमच्याकडे दोन खाणी आहेत. एक, जुन्या सीडीची पारदर्शक कव्हरं. दुसरी, भंगारवाल्याकडच्या फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर. त्याच्या पाठीला चिकटलेला पिवळा फोम खरवडताना तोंडाला फडकं बांधा. सपाट भागातून साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा मिळतो.

जोडायला आम्ही रंगाच्या दुकानातलं थिनर वापरतो. बारीक ब्रशने थेंबभर लावलं की दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित विरघळतं आणि एकमेकांत मिसळून वाळतं. गोंदाचा थर मध्ये राहत नाही, सांधा एकजीव होतो. मात्र काम उघड्या ओट्यावर करा, जवळ चूल-विडी नको, आणि मुलांच्या हातात एकट्याने बाटली नको.

मीटरला दोन सेंटिमीटर

आम्ही २२० केव्हीचा, दोन सर्किटचा, सरळ लाईनवरचा टॉवर निवडला. लाईन जिथे वळते तिथला टॉवर वेगळा असतो. तारा त्याला एका बाजूला ओढतात, म्हणून तो जास्त दणकट करतात. ओळखायची खूण सोपी आहे. सरळ लाईनवर चिनी मातीच्या बशांची माळ खाली लोंबते. वळणावर तीच माळ तारेच्या रेषेत आडवी ताणलेली असते.

उंची मोजायला वर चढायचं नाही. उन्हात एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा. त्याच वेळी टॉवरच्या शेंड्याची सावली टॉवरच्या मध्यापासून किती लांब पडली ते मोजा. काठीची सावली ६० सेंटिमीटर आणि टॉवरची २१ मीटर, तर टॉवर ३५ मीटर. सहावीतलं गणित.

प्रमाण धरलं एकास पन्नास. म्हणजे खरा एक मीटर इथे दोन सेंटिमीटर. ३५ मीटरचा टॉवर ७० सेंटिमीटर होतो. पायाचा दीडशे मिलिमीटरचा अँगल तीन मिलिमीटर होतो, तिरपे बारीक अँगल एक-सव्वा मिलिमीटरचे.

पायाचा अँगल असा करायचा. फ्रिजच्या एक मिलिमीटर पत्र्यातून एक पट्टी तीन मिलिमीटर रुंद कापा, दुसरी दोन मिलिमीटर. दोन वाली तीन वालीच्या कडेला काटकोनात चिकटवा. जाडी धरून दोन्ही बाजू बरोबर तीनच्या होतात. दोन्ही पट्ट्या तीनच्या घेतल्या तर एक बाजू चारची होते आणि पुढे सगळे सांधे चुकत जातात. आम्ही चार पाय असेच वाया घालवले. बारीक तिरप्या पट्ट्या सीडीच्या कव्हरातून. पोलादी पट्टी धरून कटरने खोल रेघ मारायची आणि मोडायची, सरळ तुटते.

मग टॉवरची एक बाजू ग्राफ पेपरवर पूर्ण मापात काढा, वर काच ठेवा, आणि काचेवर ती बाजू आडवी जोडा. समोरासमोरच्या दोन बाजू अशा तयार करून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्या उभ्या करून मधल्या दोन बाजूंच्या फुल्या एकेक करून भरा. पाय खाली फाकलेले असतात आणि वर एका ठिकाणी जवळजवळ उभे होतात. तो वाक चुकला तर टॉवर ओळखू येत नाही, मग बाकी कितीही बारकावे करा.

चारही बाजू झाल्या आणि आम्ही खूश झालो. मग शेंडा धरून जरा पिळला, तर अख्खा टॉवर ओल्या फडक्यासारखा फिरला. बाजू चारही पक्क्या होत्या, पण वरून पाहिलं तर आतला चौकोन रिकामा होता. खऱ्या टॉवरखाली उभं राहून वर पाहिलं तेव्हा कळलं, आत ठराविक उंचीवर आडव्या चौकटी आहेत आणि त्यांतही तिरप्या पट्ट्या आहेत. रस्त्यावरून त्या डोळ्यांत भरत नाहीत. चौकोनाचे कोपरे ढकलले की तो तिरका होतो, त्रिकोण होत नाही. एवढा एकच नियम तळापासून शेंड्यापर्यंत चालतो.

मग बारकावे. दोन्हीकडे तीन-तीन हात, वर अर्थवायरचं टोक. २२० केव्हीच्या माळेत साधारण चौदा बशा असतात. एक बशी पाव मीटर रुंद, इथे पाच मिलिमीटर. आम्ही चपटे तपकिरी मणी तारेत ओवले, चौदा मण्यांची माळ चार सेंटिमीटर भरली. तुम्हीही रस्त्यावरून बशा मोजून अंदाज करू शकता. नऊ-दहा असल्या तर १३२ केव्ही, चौदाच्या आसपास २२०, तेवीसच्या आसपास ४००. एका पायावर चढायचे बोल्ट आहेत. दिव्याच्या उबेवर प्लॅस्टिक मऊ करून ओढलं की दोऱ्यासारखी तार निघते, तिचे ते तुकडे. बोल्टांच्या खालच्या टप्प्याला काटेरी तारेचा वेढा, धोक्याची पाटी, पायाशी सिमेंटचे चौथरे. रंग राखाडी, चमक नसलेला, कारण जस्ताचा मुलामा पहिल्या पावसाळ्यांतच विटतो.

मापात केल्यावर काय दिसलं

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अशा लाईनचे दोन टॉवर साधारण साडेतीनशे मीटर अंतरावर असतात. आमच्या मापात सात मीटर. म्हणजे एक टॉवर या टेबलावर, तर दुसरा समोरच्या भिंतीशी. मध्ये तार झोळ घेते, आणि मे महिन्यात तापली की आणखी खाली येते. त्या सर्वांत खालच्या जागीसुद्धा २२० केव्हीची तार जमिनीपासून किमान सात मीटर हवी, असं माप आहे. आमच्या मॉडेलमध्ये ते १४ सेंटिमीटर.

सात मीटर ऐकायला पुष्कळ वाटतं. म्हणून आम्ही त्याच मापात गवताचा टेम्पो केला. आपल्याकडे पेंढा आणि गवत किती उंच रचतात ते तुम्हाला सांगायला नको. चार मीटरचा भारा, म्हणजे आठ सेंटिमीटर. त्यावर दोर आवळणारा माणूस, वर हात केलेला, चार सेंटिमीटर. झाले बारा. उरले दोन, म्हणजे खरा एक मीटर. त्या माणसाच्या हातात बांबू दिला की काही उरतच नाही. आणि या दाबाच्या तारेला बांबू टेकावाही लागत नाही, पुरेसा जवळ गेला तरी वीज हवेतून उडी मारते. हे आम्ही भाषणात दहादा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. टेम्पोवर ती छोटी बाहुली उभी केली तेव्हा पाहणारे गप्प झाले. तेव्हा दादांनो, भारा तारेखाली रचू नका, टेम्पो तिथे थांबवू नका, उडवीही थोडी दूर घाला.

दुसरी गोष्ट तिरप्या पट्ट्यांची. काही ठिकाणी टॉवरचे खालचे बारीक अँगल लोक खोलून भंगारात विकतात. मनात हिशोब असा असतो की चार जाड पाय आहेत, एक बारीक पट्टी गेली तर काय बिघडतं? याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मिळतं. प्लॅस्टिकची दहा सेंटिमीटर पट्टी काट्यावर उभी धरा आणि वरून दाबा. ती वाकायला लागते तेव्हाचं वजन वाचा. आता तीच पट्टी वीस सेंटिमीटर घ्या. ती जवळपास पाव वजनालाच वाकते. लांबी दुप्पट, ताकद चौथाई. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने हा नियम मांडला, आणि सडपातळ खांबांना तो आजही लागू आहे.

टॉवरच्या पायाला ती तिरपी पट्टी मधोमध आधार देते. ती काढली की पायाचा मोकळा तुकडा दुप्पट लांब होतो. जाडी तीच असते, लोखंड तेच असतं, पण दाब सोसायची ताकद फार खाली येते. रोजच्या दिवशी काही दिसत नाही. टॉवर उभाच असतो. मग वळवाचा वारा सुटतो, तारा एका बाजूला ढकलतात, आणि त्या बाजूचा पाय गुडघ्यात वाकतो. पडणारा टॉवर तारांनी शेजारच्यालाही ओढतो. खाली शेत आपलंच असतं, गुरं आपलीच असतात.

म्हणून आम्ही या मॉडेलमध्ये खालची एक पट्टी न चिकटवता टाचणीवर ठेवली आहे. ती काढता येते, परत लावता येते. शेंड्यावर बोट ठेवून हलकेच दाबा, मग पट्टी काढून तेवढंच दाबा. फरक बोटाला कळतो. मुलांनी रांगेत या, टाचणी हरवू नका. आमच्याकडे ती एकच आहे.